कर्जदाराशी नाते

पंचवटी, नाशिक
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय वहिनी,

नमस्कार. आईच्या पाया पडते म्हणून सांग. दादाला मात्र हे पत्र आलंय ते सांगू नकोस, त्याचं कारण पुढे येईलच. फोन केला असता, पण तुमचा फोन दादाच्या दुकानात आणि आमचा यांच्या उशाशी. मग बोलायचं कुठे?

इकडे सगळे बरे आहेत. म्हणजे जेवतात-खातात, आपापल्या वेळेला उठतात, तेवढे बरे. पिंकीची दहावी पुढच्या महिन्यात. रात्रंदिवस पुस्तकात डोकं घालून असते, अन् अभ्यास झाला का विचारलं तर अंगावर येते. तू पाठवलेल्या वालाच्या शेंगा पोचल्या. एक दिवस भाजी केली, उरलेल्या सोलून ठेवल्यात. इथे भाजीबाजार दारात असून कळवणच्या शेंगेची चव काही मिळत नाही बघ.

सिंहस्थात भाड्याने द्यायला यांनी केलेल्या गाद्यांचं तू विचारलं होतंस. काय सांगू बाई! सिंहस्थ होऊन सहा महिने होत आले, साधू गेले, मंडप उठले, आणि आमच्या घरात गाद्या आहेत तशा आहेत. गोडाऊनचं भाडं परवडेना म्हणून यांनी डिसेंबरात निम्म्या घरी आणल्या. हॉलमध्ये छतापर्यंत थप्पी. खिडकी झाकली गेली, दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. कुणी आलं तर बसायला जागा नाही, तसं हल्ली कुणी येतही नाही. पावसात भिजलेल्या कापसाचा वास तुला ठाऊक आहे ना? माझ्या पदराला, पिंकीच्या वह्यांना, भाताला, सगळ्याला तोच वास येतो.

आता कामाचं. कोंडाजी पोस्टमन आठ-पंधरा दिवसांत एक रजिस्टर आणेल. पाकिटावर माझं माहेरचं नाव असेल, छाया खंडेराव शेवाळे, आणि पत्ता आपल्या कळवणच्या घराचा. ते घेऊ नकोस. सही करू नकोस. त्याला सांग, ती इथे राहत नाही, परत पाठवा. विम्याचं जुनं लफडं आहे, बाकी काही नाही. उगाच दादाच्या डोक्याला ताप नको आणि आईच्या तर कानावरही नको.

आणि वहिनी, त्या नावाने चौकशी करत एखादा माणूस घरी आला, तर काहीही सांग. तुझं तोंड चालतं, तुला काही शिकवायला नको. फक्त माझा नाशिकचा पत्ता सांगू नकोस, आणि सासरचं नाव तर अजिबात नको. साधना महेश गायखे हे नाव त्याच्या कानावर जाता कामा नये. शपथ आहे तुला.

तू म्हणशील, विम्यासाठी एवढं कशाला? तर ते आहे तसं.

इतक्यात बेल वाजली. पेन सुटलं हातातून. दूधवाला होता, महिन्याचे पैसे मागायला. मी दार उघडलंच नाही, पिंकीला पाठवलं. हल्ली हे असंच होतं.

पत्र वाचून चुलीत घाल.

तुझी
छाया


पंचवटी, नाशिक
गुरुवार, ४ मार्च २००४

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल ऑफिसच्या पत्त्यावर मिळालं. घरी पाठवलं नाहीस हे फार बरं केलंस. माझ्याच टेबलावर पडलं, टपालाच्या ढिगात. आवक-जावकचं काम माझ्याकडे, त्यामुळे ऑफिसात येणारं प्रत्येक पाकीट आधी माझ्याच हाताखालून जातं, हे तुला ठाऊकच आहे.

वाचलं आणि आधी मला हसू फुटलं. खरं सांगते. शेजारच्या टेबलावरचे देशमुख विचारायला लागले, काय छायाताई, लॉटरी लागली का? तू लिहिलंयस ना, 'ताई, तुम्हीच म्हणल्या काहीही सांग. तो माणूस दारातून हलंना, मोपेड लावून उभाच. तुमचा पत्ता दे, पत्ता दे, लय मागं लागला. मला काई सुचंना. म्हणलं, छायाताई वारल्या. सहा म्हैने झाले. कशानं म्हणला, तर म्हणलं काविळीनं.'

काविळीने! अगं, तुला दुसरं काही सापडलं नाही का!

आणि पुढे आईचं वाचलं, मग हसू गेलं. आई आतून ऐकत होती. बाहेर येऊन उंबऱ्यात बसली आणि रडायला लागली. तुला वाटलं सोंग करतेय, तुझी बाजू सावरतेय. तो वाल्मीक नावाचा वसुलीवाला टोपी काढून हात जोडून उभा राहिला. तो गेला, त्याची मोपेड दिसेनाशी झाली, तरी आईचं रडणं थांबेना. 'खोटं रडाया बसल्या, अन् खरंच रडू राहिल्या.' हे वाक्य मी चारदा वाचलं, वहिनी. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

आणि शेवटी तू एका ओळीत लिहिलंस, जाता जाता लिहावं तसं, की जाताना त्याने काहीतरी कागदावर लिहिलं आणि तुझी सही घेतली. 'वाचाया वेळ नव्हता, तो घाईत होता, मार्च अखेर म्हणे.'

सही का केलीस गं? पण कोणत्या तोंडाने विचारू मी तुला. तू आता यात अडकलीस, तेव्हा तुझ्यापासून लपवून ठेवायचा मला काही हक्क राहिला नाही. विमाबिमा काही नाही. ऐक.

गेल्या वर्षी जानेवारीत यांनी पतसंस्थेतून तीन लाख कर्ज काढलं. एका मोठ्या कंत्राटदाराने तोंडी शब्द दिला होता, साधुग्रामात गाद्या-उशा तुझ्याच लागतील. त्या शब्दावर चारशे गाद्या. मी म्हटलं होतं, लेखी घ्या. तर म्हणाले, तू ऑफिसातली, तुला सगळं लेखी लागतं. कंत्राटदाराने आयत्या वेळी दुसरीकडून माल उचलला. आमच्या साठ गाद्या गेल्या भाड्याने, त्याही भिजून आल्या.

पतसंस्थेचा नियम असा की बायको सहकर्जदार हवी, म्हणजे कर्ज दोघांचं. त्यात मला काही वाटलं नाही. नवऱ्याच्या व्यापाराला बायको सही देणार नाही तर कोण देणार? मी गेले, साहेबांसमोर बसले, साधना महेश गायखे अशी सही केली, रेशनकार्डाची झेरॉक्स जोडली, चहासुद्धा प्याले.

पण दुसरा नियम होता. जामीनदार बाहेरचा हवा. नोकरदार हवा, कायम पगाराचा, आणि कर्जदाराचा नातेवाईक नको. यांनी पाच जणांना विचारलं. ज्यांच्या पोरींच्या लग्नात यांनी फुकट मांडव घातले होते त्यांना विचारलं. सगळ्यांची बायको अचानक आजारी पडली नाहीतर भाऊ भांडायला लागले. हे रोज संध्याकाळी तोंड पाडून यायचे.

एक दिवस माझी पगाराची स्लिप टेबलावर पडलेली होती. तुला माहीत आहे, मी नोकरीला लागले सत्त्याऐंशीत, लग्न झालं अठ्ठ्याऐंशीला. ऑफिसात नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात, फी, प्रतिज्ञापत्र, सतरा भानगडी. आज करू उद्या करू म्हणत राहूनच गेलं. घरी, बँकेत, रेशनकार्डावर, मतदार यादीत मी साधना. ऑफिसात, पगारपत्रकात, फंडाच्या खात्यात अजून छाया खंडेराव शेवाळे. यांनी ती स्लिप उचलली, वाचली आणि हसले. किती दिवसांनी हसले होते, वहिनी. म्हणाले, "अगं, ही बाई कोण? चांगली नोकरी आहे हिला. हिला विचारू की!"

मीही हसले. तिथेच चुकलं बघ. मी त्या वेळी हसायला नको होतं.

मॅनेजर यांच्या ओळखीचा होता. म्हणाला, जामीनदाराला आणायची गरज नाही, सही आणि फोटो आणा, पगाराचा दाखला जोडा. फोटो साधनासारखा दिसायला नको म्हणून मालेगाव स्टँडजवळच्या एका स्टुडिओत गेलो. तिथे मी मंगळसूत्र काढलं. ओल्या रुमालाने कुंकू पुसलं. अंबाडा सोडून वेणी घातली. यांनी मंगळसूत्र शर्टाच्या खिशात टाकलं आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहिले, मला हनुवटी वर कर म्हणून खुणा करत. तो फोटोवाला मेला विचारतो, "ताई, स्थळासाठी का फोटो?" छत्तीस वर्षांची घोडी मी! हे मोठ्याने हसले. मला हसायला आलं नाही. नवरा समोर धडधाकट उभा आणि मी कपाळ पुसून बसलेली. घरी येऊन देवापुढे दिवा लावला, पण देवाकडे बघायचं धाडस झालं नाही.

फॉर्मवर एक रकाना होता. कर्जदाराशी नाते. त्यात मी माझ्या हाताने, माझ्या अक्षरात लिहिलं, 'नाही'. पत्त्याच्या जागी कळवणचं घर लिहिलं. तेवढंच, आणि सही केली, छाया शेवाळे. वर्गात करायचे तशी, य ला शेपटी काढून.

म्हणजे यांच्या एका कर्जाला मी दोनदा बांधलेली आहे. लग्नाने एकदा, आणि लग्न झालंच नाही असं खोटं लिहून एकदा. हप्ते नोव्हेंबरपासून थकले. तो ओळखीचा मॅनेजर बदलून गेला. नवीन साहेब कडक आहे. दिवाळीनंतर पिंकीच्या क्लासच्या फीसाठी मी ऑफिसच्या पतपेढीत जरासं कर्ज मागायला गेले तर सेक्रेटरी म्हणाला, ताई, तुमच्या नावावर बाहेरचा जामीन आहे, नाही बसत. पंधरा वर्षं मी पतपेढीला एक हप्ता चुकवला नाही. माझ्या एका सहीवर लोकांना कर्ज मिळायचं. ते सगळं यांच्या गाद्यांखाली गेलं.

हे कर्ज फिटेल की नाही त्याची मला भीती नाही, खरंच नाही. वर्षाने, दोन वर्षांनी, गाद्या विकून, पगार कापून फिटेल. भीती ही की छाया आणि साधना एकच आहेत हे कळलं तर ती फसवणूक आहे. निमसरकारी नोकर, दोन नावांनी दोन सह्या. सस्पेन्शन तर नक्की. आणि घर माझ्या पगारावर चाललंय, वहिनी, गेल्या नोव्हेंबरपासून फक्त माझ्याच.

तुझ्या लग्नात ताटात तांदूळ मीच पसरले होते, आठवतं? तुझं झुंबर हे नाव मला जुनाट वाटलं. सविता मीच सुचवलं. दादाने अंगठीने लिहिलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुला कुणी विचारलं होतं का, ते मला आठवत नाही. तू त्या कागदावर सही कोणत्या नावाने केलीस ते मला कळव. लगेच कळव.

मेलेल्या नणंदेचं दुःख दादाच्या दुकानात पोचू देऊ नकोस, म्हणजे झालं.

तुझी
छाया (लिहिताना हात थांबला, पण तुझ्यासाठी छायाच)


ऑफिसातून, नाशिक
सोमवार, २९ मार्च २००४

प्रिय वहिनी,

सकाळचे साडेनऊ झालेत. ऑफिसात शिपायाशिवाय कुणी नाही. साहेब साडेदहाला येतात. तेवढ्यात हे लिहून संपवायचंय, कारण नंतर लिहायची हिंमत राहील की नाही ठाऊक नाही.

तुझं उत्तर मिळालं. 'सविता दत्तू शेवाळे' अशी पूर्ण सही केलीस, वर तारीखसुद्धा घातलीस. शहाणी माझी ती! आणि लिहितेस की कागदाच्या वरच्या भागात 'जबाब' असा शब्द होता, तेवढा तू वाचलास.

मागच्या पत्रात एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. आता सांगते. पतसंस्थेची दोन पत्रं आमच्या ऑफिसला आधीच आली होती, एक जानेवारीत, एक फेब्रुवारीत. श्रीमती छाया शेवाळे यांच्या पगारातून कपात करा म्हणून. दोन्ही माझ्याच टेबलावर आली. मी ती रजिस्टरला चढवली नाहीत. ड्रॉवरच्या तळाशी, वर्तमानपत्राखाली घातली. सोळा वर्षांत माझ्या हातून टपाल गहाळ झालं नव्हतं. उत्तर येत नाही म्हणूनच ते वाल्मीकला कळवणला पाठवायला लागले. म्हणजे तुझ्या दारात तो आला तो माझ्यामुळेच.

तू काय सांगितलंस ते मी यांना सांगितलं. वाटलं होतं घाबरतील. तर मांडीवर थाप मारली! "वा! वहिनींनी कमाल केली! मेलेल्या बाईकडून काय वसूल करणार ते? आता फक्त आपण दोघं राहिलो, बघू हळूहळू." त्या दिवशी हे जेवले पोटभर. रात्री घोरले. चार महिन्यांत पहिल्यांदा घोरले, आणि मी त्या गाद्यांच्या थप्पीकडे बघत जागी.

पाडव्याला गुढी उभारताना मी विचारलं, "छाया मेली, मग मी कोण?"

"तू साधना. माझी बायको. कोण म्हणजे काय?"

"आणि पगार कुणाचा येतो या घरात?"

हातातली साखरेची गाठी तशीच राहिली. वाईट नाहीत गं ते, तुला माहीत आहे. माझ्या बाळंतपणात आईसारखं केलं त्यांनी. पण मला मेलेली ऐकून त्यांना झोप लागली, हे मी विसरू म्हटलं तरी कशी विसरू?

आणि मग शुक्रवारी ते पत्र आलं.

लांबट पाकीट, पतसंस्थेचा शिक्का. उघडताना ब्लेडने बोट कापलं. आत टाइप केलेलं, एकच पान. तुला शब्दन् शब्द लिहिते, मला पाठ झालंय. 'आपल्या कार्यालयातील लिपिक कै. श्रीमती छाया खंडेराव शेवाळे या आमच्या कर्जदाराच्या जामीनदार होत्या. त्यांचे निधन झाल्याचे त्यांच्या भावजयीच्या जबाबावरून समजते. तरी त्यांचा भविष्य निर्वाह निधी, उपदान व इतर देय रकमा आमच्या संमतीशिवाय वारसांना अदा करू नयेत. वारसांची नावे व पत्ते कळवावेत.'

कै. माझ्या नावामागे कै. वहिनी, मी तिथे खुर्चीत बसलेली, हातात शिक्का, समोर पाण्याचा ग्लास, आणि कागदावर मी कै. मला वाटलं कुणीतरी मागून येऊन खुर्ची ओढून घेईल. देशमुखांनी विचारलं, बरं नाही का? मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांना मी दिसतेय ना, तेवढंच बघत होते.

मग मुद्दा डोक्यात शिरला. वारसांची नावे. आस्थापनेवाले काय करतील? कपाटातून माझं सेवापुस्तक काढतील आणि नामनिर्देशनाचं पान उघडतील. ते पान मीच भरलंय, लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात. नाव बदललं नाही पण ते पान मात्र हौसेने भरलं होतं. वारसाचे नाव, महेश दामोदर गायखे. नाते, पती. आणि पतसंस्थेत माझ्याच अक्षरात, कर्जदाराशी नाते, नाही. दोन कागद शेजारी ठेवले की झालं.

तेही पत्र मी ड्रॉवरमध्ये घातलं. शुक्रवार, शनिवार. रविवारी मी दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. संध्याकाळी यांना दाखवलं. वाचता वाचता यांचा चेहरा पांढरा पडला. 'कै.' वर बोट ठेवून बसून राहिले. मग उठले, देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी आणली आणि माझ्या कपाळाला लावायला गेले, तर सगळं नाकावर सांडलं. पिंकी दारात उभी राहून बघत होती. तिला काही कळलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

"फाडून टाक," म्हणाले. "साधना, पाया पडतो, फाडून टाक. कुणाला कळणार नाही."

"चौथं येईल. मग तो वाल्मीक स्वतः इथे येईल. मला ऑफिसात सगळे छायाताई म्हणतात. तो हाक ऐकेल."

"मला तुला बुडवायचं नव्हतं गं."

"माहीत आहे."

खरंच माहीत आहे मला. पण मी रात्रभर दुसराच विचार करत होते. फाडलं तर मी कदाचित महिना-दोन महिने वाचेन. पण तुझा जबाब त्यांच्या फायलीत राहतो. उद्या कळलं की छाया जिवंत आहे, तर पहिला दरवाजा तुझा ठोठावतील. सविता दत्तू शेवाळे, तारखेनिशी. खोटा जबाब. दादाला काय सांगशील? आणि तू का केलंस ते? मी 'काहीही सांग' म्हटलं म्हणून. मी का केलं? हे म्हणाले म्हणून. आपण दोघी शिकलेल्या गं, निदान वाचायला येतं आपल्याला, आणि दोघींनी दुसऱ्याच्या घाईवर सह्या केल्या.

मला भीती वाटते आहे, वहिनी. खूप वाटते आहे. नोकरी गेली तर काय करू? भाजीबाजारात बसू? पोलिसांत गेलं प्रकरण तर पिंकीचे उरलेले दोन पेपर? साहेब चांगले आहेत, पण चांगला साहेबही कायद्याबाहेर जाऊ शकत नाही. कदाचित म्हणतील, पगारातून कपात करून फेडा, चूक कबूल केलीत, बघू. कदाचित म्हणणार नाहीत.

तरी मी ठरवलंय. नऊ वाजता आले आणि आवक रजिस्टर उघडलं. आधी जानेवारीचं पत्र चढवलं, मग फेब्रुवारीचं, आजच्या तारखेने, शेऱ्यात 'विलंबास लिपिक जबाबदार' असं लिहून. मग तिसरं. क्रमांक १३४६. विषयाच्या रकान्यात लिहावंच लागलं, 'कै. श्रीमती छाया शेवाळे यांच्या देय रकमांबाबत'. माझ्या अक्षरात. इथे शाईचा ठिपका पडला, तो पुसला नाही.

त्याच्या खाली क्रमांक १३४७. तो माझा अर्ज. दोन पानी आहे. त्यात सगळं लिहिलंय, फोटोसुद्धा. भावजयीने जे सांगितलं ते माझ्या सांगण्यावरून, तिचा त्यात काही स्वार्थ नाही, असं वेगळं कलम घातलंय, तुझं नाव साफ राहावं म्हणून. त्याची एक प्रत पतसंस्थेला जाईल. अर्जात एक ओळ ठळक लिहिली आहे, कर्जदाराशी नाते, पत्नी. आणि विषयाच्या रकान्यात, पेन्शनर म्हातारे नोव्हेंबरात येऊन लिहितात ना, तसंच लिहिलं, 'मी हयात असल्याबाबत'.

खाली गेटाशी हे स्कूटर लावून उभे आहेत. खिडकीतून दिसतात. वर या म्हटलं तर मान हलवली. गेले मात्र नाहीत अजून. त्यांना धीर झाला तर येतील, नाही झाला तर मी एकटी जाईन आत. आमच्यात कुणाला जास्त भीती वाटतेय ते सांगता येणार नाही.

शिपायाने साहेबांच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली. म्हणजे गाडी फाटकात आली असणार.

आईपाशी बस. तिला सांग, तुझी छाया जिवंत आहे, काविळीबिविळीने काही मेली नाही. आज संध्याकाळी ती कोणत्या कागदावर काय असेल ते देवाला ठाऊक, पण जिवंत आहे. हे पत्र जाळू नकोस. दादाला वाचायला दे.

तुझी नणंद,
छाया खंडेराव शेवाळे उर्फ साधना महेश गायखे
हयात